वाकेल ती कामटी

माणसानं सत्तरी ओलांडली की त्याला तीन गोष्टींतून सूट मिळावी, असं माझं जुनं मत आहे. वर्गणी गोळा करणं, बारशाला गाणं म्हणणं आणि नवीन काही शिकणं. पहिल्या दोन गोष्टींतून आमच्या वाडीनं मला केव्हाच मुक्त केलं. (गाण्यातून तर मी चाळिशीत असतानाच.) तिसरीतून मात्र माझ्या धाकट्या भावाच्या नातवानं मला सुटू दिलं नाही.

हा नातू डोंबिवलीला राहतो आणि माटुंग्याला इंजिनियरिंग शिकतो. म्हणजे खरं तर तो मध्य रेल्वेत राहतो. डोंबिवलीला फक्त झोपायला जातो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या घरी रंगकाम निघालं आणि नेमका तेव्हाच त्याचा कॉलेजात सेमिनार. "आजोबा, चार दिवस तुमच्याकडे येऊ का?" असा फोन आला. हिनं "अरे, विचारतोस काय!" म्हणून लगेच चकलीची भाजणी चाळायला घेतली. मी माझं नेहमीचं उत्तर दिलं, "बघू." तोपर्यंत तो बॅग घेऊन आमचा जिना चढत होता. गिरगावातली आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना, पायऱ्या चोपन्न.

"विषय काय रे सेमिनारचा?" चहा घेता घेता मी विचारलं. इथेच मी चुकलो.

"लवचीक ॲक्टिव्हेशन फंक्शन असलेल्या न्यूरल नेटवर्कची ॲप्रॉक्सिमेशन पॉवर."

एवढ्या मोठ्या वाक्यातला 'फंक्शन' हा एकच शब्द माझ्या ओळखीचा निघाला. गिरगावात फंक्शन म्हणजे हॉल, माइकवर 'हॅलो हॅलो', उशिरा येणारे प्रमुख पाहुणे आणि शेवटी बटाटेवडा. लवचीक फंक्शन म्हणजे पाहुणे फारच उशिरा आले तर वडा आधी देतात ते, अशी मी समजूत करून घेतली. नातवानं ती दहा सेकंदांत मोडली आणि जाहीर केलं, "आजोबा, मी आधी तुम्हालाच समजावून सांगतो. तुम्हाला कळलं तर कुणालाही कळेल." हे ऐकून मी सुखावलो. हिचं हसू का थांबत नव्हतं, ते मात्र मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं.

मी तेव्हा गॅलरीत कंदील बांधत होतो. वाडीचा मोठा आकाशकंदील दरवर्षी माझ्याकडे असतो. षट्कोनी, पारंपरिक, कामट्यांचा. बाजारात तयार कंदिलांच्या माळा लटकत असताना मी अजून कामट्या तासतो, सुतळीनं बांधतो आणि कणकेची खळ शिजवून कागद चिकटवतो. नातू शेजारी बसला आणि त्यानं सुरुवात केली.

"समजा, एक माणूस आहे. त्याला चार जण येऊन चार गोष्टी सांगतात. प्रत्येकाच्या बोलण्याला तो वजन देतो..."

"वजन? टेबलावरून की टेबलाखालून?" मी आयुष्यभर कचेरीत कारकुनी केली आहे.

"तसं नाही हो. कुणाचं बोलणं जास्त मनावर घेतो, कुणाचं कमी. वजनाप्रमाणे सगळ्यांच्या बोलण्याची बेरीज करतो. मग त्या बेरजेवर तो कसा वागतो, तेच त्याचं ॲक्टिव्हेशन फंक्शन. म्हणजे त्याचा स्वभाव. असली माणसं रांगेनं बसवली, एका रांगेचं उत्तर पुढच्या रांगेला दिलं, की झालं नेटवर्क."

हे मला एकदम पटलं. आमची वाडी याच तत्त्वावर चालते.

मग त्यानं स्वभावांची ओळख करून दिली. पहिला स्वभाव १९४३ सालचा, मॅकुलक आणि पिट्स या दोघांनी कल्पिलेला. बेरीज ठरावीक रेषेच्या वर गेली तर 'हो', नाहीतर 'नाही'. अधलंमधलं काही नाही. असे एक साहेब आम्हाला कचेरीत होते. अर्ज पूर्ण असेल तर रजा, एक टिंब राहिलं तर नाही. मग घरात बारसं असो की तेरावं.

दुसरा स्वभाव सिग्मॉइड. सुरुवातीला हलत नाही, मध्ये भराभर चढतो आणि शेवटी पुन्हा सपाट होतो. हा मी ताबडतोब ओळखला. जेवणावळीत श्रीखंडाचा आग्रह झालेला माणूस! आधी 'नको, नको'. मग एकदा वाटी पुढे सरकली की सपासप. आणि गळ्याशी आल्यावर यजमानीणबाई स्वतः आल्या तरी एक चमचा वाढायचा नाही.

तिसऱ्याचं नाव रेलू. हा आपल्या नळासारखा. उलटा पिळलात तर थेंब नाही. सुलटा फिरवाल तितकं पाणी. (वेळेवर आलं असेल तर.)

"आणि चौथा?" मी विचारलं. "जे सांगाल ते मान्य करणारा? आमच्या कमिटीत असे पाच आहेत."

नातू खूश झाला. "तोच तर निरुपयोगी! त्याला लीनियर म्हणतात. असे हजार मिळवले, दहा रांगांत बसवले, तरी सगळे मिळून एकच होयबा होतो. बेरीज सरळ रेषेची सरळ रेषाच."

कमिटीच्या एकमतानं पास होणाऱ्या ठरावांचा असा गणिती खुलासा मला प्रथमच मिळाला.

पुढे त्यानं जे सांगितलं, ते ऐकून माझ्या हातातली सुतळी सुटली. १९८९ साली सायबेंको यांनी, आणि त्याच वर्षी वेगळ्या वाटेनं हॉर्निक, स्टिंचकोम्ब आणि व्हाइट या तिघांनी असं सिद्ध केलं, की सिग्मॉइड स्वभावाची, म्हणजे आपली श्रीखंडवाली, माणसं पुरेशी जमवली, तर जगातल्या कुठल्याही सलग बदलणाऱ्या गोष्टीची नक्कल करता येते. मधली रांग एकच असली तरी पुरे. नक्कल हुबेहूब नव्हे, जवळजवळ. पण जितकी जवळ म्हणाल तितकी. मग १९९३ साली लेश्नो, पिंकस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी सांगितलं, की स्वभाव सिग्मॉइडच हवा असंही नाही. जवळपास कुठलाही चालेल. फक्त तो पॉलिनॉमियल, म्हणजे बहुपदी, नसावा. होयबा त्याच जातीचा.

"म्हणजे किती माणसं लागतात?"

"ते प्रमेय सांगत नाही. 'पुरेशी' म्हणतं."

"आणि वजनं कुणाला किती द्यायची?"

"तेही नाही. अशी वजनं आहेत, एवढंच सांगतं."

मला माझं लग्न आठवलं. एका वधूवर सूचक मंडळातल्या बाईंनी मला खात्रीनं सांगितलं होतं, "तुमच्यासाठी मुलगी आहे हो! नक्की आहे." कुठे आहे ते विचारल्यावर त्यांनी वही मिटली. पुढे ती ठाकुरद्वारला, आमच्यापासून दहा मिनिटांवर सापडली, पण तोवर तीन वर्षं गेली होती. असणं वेगळं आणि सापडणं वेगळं. गणितज्ञांना या बाई आधी भेटायला हव्या होत्या.

"पण आजोबा, तुम्ही तरी दुसरं काय करताय?" नातवानं माझ्या कामट्यांकडे बोट दाखवलं. "सरळ कामट्या. सहा लावल्यात म्हणून षट्कोन झाला. बारा लावल्या तर जास्त गोल दिसेल, चोवीस लावल्या तर आणखी. नळवाला स्वभाव असंच करतो. सरळ तुकडे जोडून वळण काढतो."

आर्किमिडीजनंही वर्तुळाला असंच पकडलं होतं म्हणे. सहा बाजूंपासून सुरुवात करून दुपटीदुपटीनं ९६ बाजूंपर्यंत गेला. त्याला मध्येच कुणी "अहो, दूध उतू गेलं" म्हणून हाक मारली नसावी.

"आता समजा," नातू म्हणाला, "कामटीच वाकणारी असेल तर? चोवीस कशाला? एकीतच गोल. हेच लवचीक ॲक्टिव्हेशन. साध्या नेटवर्कमध्ये शिकता शिकता फक्त वजनं बदलतात, स्वभाव कायम. इथे स्वभावसुद्धा शिकतो." २०१५ साली कुणी नळाच्या उलट्या बाजूलाही थोडा उतार दिला आणि तो किती असावा हे यंत्रालाच शिकू दिलं. २०२४ साली तर असं नेटवर्क आलं, की त्यात ठरलेला स्वभाव असा नाहीच. प्रत्येक जोडणीवरची वक्ररेषा यंत्र स्वतः घडवतं. त्याला कोल्मोगोरोव यांचं नाव दिलंय आणि त्यांचा विद्यार्थी अर्नोल्ड याचंही.

या कोल्मोगोरोवची गोष्ट मला फार आवडली. १९०० साली हिल्बर्ट या थोर गणितज्ञानं तेवीस प्रश्न जगापुढे ठेवले. तेराव्यात त्याचा अंदाज असा होता, की तीन गोष्टींवर अवलंबून असलेलं काही प्रकरण दोन-दोन गोष्टींच्या प्रकरणांत मोडता येणार नाही. १९५७ साली मॉस्कोत कोल्मोगोरोव आणि जेमतेम विशीतला अर्नोल्ड यांनी तो अंदाज खोटा ठरवला. कितीही गोष्टींवर अवलंबून असलेलं सलग प्रकरण असो, ते एकेका गोष्टीच्या प्रकरणांत आणि बेरजेत मोडतं. फक्त त्या एकेका प्रकरणाला हवं तसं वाकता आलं पाहिजे.

याच धाग्यावरून १९९९ साली मायोरोव आणि तेच १९९३ सालचे पिंकस यांनी एक अजब स्वभाव तयार केला. दिसायला सिग्मॉइड, सतत चढणारा, गुळगुळीत, शहाण्यासारखा. पण त्याच्या पोटात कुठे ना कुठे हव्या त्या प्रत्येक वक्ररेषेच्या जवळची वक्ररेषा लपवलेली. त्याला माणसांची गर्दी लागत नाही. आत येणाऱ्या गोष्टी दोन असतील, तर पहिल्या रांगेत ६ आणि दुसऱ्या रांगेत १५ पुरतात. अचूकता कितीही वाढवा, संख्या वाढत नाही.

"एकूण २१!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "गणपतीच्या मोदकांइतके." ही ऐकत होती तर.

"मग सगळे तोच स्वभाव का वापरत नाहीत?" मी विचारलं.

"कारण तो वापरणं अशक्य आहे. हवी ती रेषा त्याच्या पोटात कुठे आहे, ते शोधणार कसं?"

हा मला आजीचा बटवा वाटला. सगळी औषधं बटव्यात. कुठली पुडी कुठे, ते फक्त आजीला ठाऊक, आणि आजी तर गेलेली. शिवाय फार लवचीकपणाही बरा नाही, असं नातू म्हणाला. साइनची साधी लाट घ्या. तिचा एकच आकडा फिरवला, तर सोयीनं निवडलेल्या कितीही जागांवर 'हो' म्हणायला लावा नाहीतर 'नाही', ती ऐकते. ज्याला सगळंच पटतं, तो खरं काय ते शिकत नाही. समोर आलेलं पाठ करतो. आमचे सेक्रेटरी तळमजल्यावर पुनर्विकासाच्या बाजूचे असतात, पहिल्या मजल्यावर विरुद्ध आणि दुसऱ्यावर तटस्थ. ते दमेकरी आहेत म्हणून जिन्यात थांबतात, असं मी समजत होतो. ते साइनची लाट आहेत.

या सगळ्यात एकच नाव मला घरचं वाटलं. किती अचूकतेला किती माणसं लागतील, याचा हिशेब मांडणाऱ्यांत हृषीकेश म्हसकर आहेत. शिक्षण नागपूरला, मग पवईच्या आयआयटीत, मग अमेरिकेत, ओहायोला. १९९६ साली त्यांनी हा हिशेब गुळगुळीत प्रकरणांसाठी मांडला, आणि २०१६ साली पोज्जो यांच्याबरोबर दाखवलं, की प्रकरण लहान लहान प्रकरणांचं बनलेलं असेल तर एका लांबलचक रांगेपेक्षा एकामागून एक अनेक रांगा फार स्वस्तात काम करतात. "म्हसकर? कोणते म्हसकर?" हिनं झारा हातात घेऊनच विचारलं. जगातल्या कुठल्याही शोधाची चौकशी आमच्याकडे इथूनच सुरू होते.

"चला, एवढं कळलं तर सेमिनार झालाच समजा," मी म्हणालो.

"एक उदाहरण हवंय," नातू डोकं खाजवत म्हणाला. "ज्याचा स्वभाव अजिबात बदलत नाही, असं काहीतरी रोजच्यातलं."

"मग लांब कशाला जातोस?" आतून हिचा आवाज. "आजोबांनाच ने."

आता सांगणं भाग आहे. आमच्या वाडीच्या पुनर्विकासाचा संमतीचा फॉर्म वर्षभर माझ्या टेबलाच्या खणात पडून होता. कमिटीनं माझ्याकडे अकरा वेळा माणसं पाठवली. आधी सेक्रेटरी आले. मग खजिनदार. मग दोघं मिळून. मग जावईबापूंना गाठून त्यांच्यामार्फत. एकदा तर शेजारच्या वाडीतले डॉक्टर माझा रक्तदाब तपासण्याच्या निमित्तानं आले आणि दोन्ही तपासून गेले. प्रत्येकाला मी चहा पाजला आणि सांगितलं, "बघू."

माझी बाजू अगदीच लंगडी नव्हती. घर रिकामं करून लांब कुठेतरी जायचं, आणि परत येऊ तेव्हा चालत येऊ की फोटोत, कुणी सांगावं? रखडलेल्या इमारतींच्या गोष्टी गिरगावात घरोघरी आहेत. शिवाय खोली वडिलांनी घेतलेली. याच गॅलरीत त्यांनी मला पहिली कामटी तासायला दिली.

"म्हणजे आजोबा," नातवानं हळूच विचारलं, "आत काहीही आलं तरी बाहेर 'बघू'च?"

"हो."

"मग तुम्ही सिग्मॉइड नाही आणि नळही नाही. तुम्ही कॉन्स्टंट. सपाट रेषा." तो थांबला. "बहुपदीत सर्वांत खालचा नंबर. १९९३च्या प्रमेयातून बाद. तुमच्यासारखे कितीही जमवले, तरी कशाचीच नक्कल करता येत नाही."

होयबांच्या खाली! पाच होयबांना वर्षानुवर्षं हसलेला मी, त्यांच्याही खाली निघालो. मी काही बोललो नाही. कंदिलाचा कागद कमी पडतोय, एवढंच पुटपुटलो. ही म्हणाली, "मी आणते खालून," आणि पिशवी घेऊन निघाली.

अर्धा तास झाला तरी ती आली नाही. मी गॅलरीतून वाकून पाहिलं. खाली कुणी नाही. मग जिना उतरलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ही पायरीवर बसली होती. पिशवी मांडीवर, हात गुडघ्यावर.

"इथे काय करतेस?"

"काही नाही. इथे वारा बरा येतो."

आमच्या जिन्यात वारा येत नाही. सत्तर वर्षांत कधी आलेला नाही.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची लहान मुलगी पाण्याचा पेला घेऊन आली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आजी, आज दोन वेळा बसलात का?" म्हणजे हे रोजचं होतं. मुलीला माहीत, पेल्याला माहीत, मला नाही. मी रोज खोलीत बसून दाराबाहेर "आले हो" ऐकत होतो. अकरा शिष्टमंडळांच्या बोलण्याची मी बेरीज केली. त्या बेरजेत हे गुडघे कधी आलेच नाहीत. आले असते, तरी मी त्यांना वजन किती दिलं असतं, कोण जाणे. चोपन्न पायऱ्या मी पाठ म्हणून दाखवत होतो. त्या मोजत होती ती.

वर आल्यावर मी नातवाला म्हटलं, "या वर्षी कंदील गोल करू."

सुकी कामटी वाकवली तर मोडते. पहिल्या दोन मोडल्या. मग वडील करायचे ते आठवलं. कामटी रात्रभर बादलीत भिजत ठेवायची, सकाळी आचेवर बेतानं शेकायची आणि घाई न करता, बोटाखाली ती काय म्हणते ते ऐकत वळवायची. सरळ कामट्या बांधायला कुणीही पोर चालतं. वाकवायला वेळ लागतो. नातू म्हणाला, "हाच माझा शेवटचा मुद्दा. माणसं कमी लागतात, पण मेहनत संपत नाही; ती जोडण्यातून वाकवण्यात जाते." तिसरी कामटी वळली. टोकं जुळली तिथे किंचित उंचवटा राहिला. झिरमिळ्या लावून कंदील गॅलरीत टांगला. हिनं मान तिरकी करून पाहिलं.

"गोल आहे," ती म्हणाली. "जवळजवळ."

सेमिनार चांगला झाला. नातवानं म्हणे उदाहरण म्हणून एका सपाट रेषेचा फोटोसुद्धा दाखवला. रेषेनं धोतर नेसलं होतं, एवढंच मला नंतर कळलं.

त्या रात्री मी खणातून फॉर्म काढला आणि चष्मा लावून पहिल्यांदा सबंध वाचला. मग सेहेचाळीस वर्षांत फारसा न विचारलेला प्रश्न हिला विचारला.

"तुझं काय म्हणणं?"

ती चकल्यांचा डबा बंद करत होती. थांबली. गॅलरीतल्या कंदिलाकडे पाहिलं, भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बघू," ती म्हणाली.

मी थक्क झालो. माझा शब्द, माझ्याच घरात, माझ्यावर! पण ती पुढे बोलत होती. "माझ्या मावसबहिणीची लालबागची चाळ पाडून नवी झाली ना, तिथे जाऊन बघू. लिफ्ट कशी आहे, खिडकीतून काय दिसतं, मधली वर्षं कशी काढली ते विचारू. भाऊबीज झाली की जाऊ."

शब्द तोच. माझ्या तोंडी तो वर्षभर दार लावून घेत होता. हिनं त्याच शब्दानं चपला बाहेर काढल्या.

भाऊबीज झाल्यावर आम्ही लालबागला गेलो. लिफ्टमध्ये ही दोनदा वर गेली आणि दोनदा खाली आली. तिसऱ्यांदा मावसबहिणीनं विचारलं, "अगं, आता कुठे?"

"कुठे नाही," ही म्हणाली. "इथे वारा बरा येतो."